गोंद की दोरा, दोनशे प्रती की हजार: नाशिकमध्ये पुस्तक छापून घेणाऱ्यासाठी तुलना

27 फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, आपले पुस्तक त्यांच्याच गावात प्रकाशित व्हावे असे ज्या नाशिककर लेखकाला वाटते, त्याच्या समोर जानेवारीत बहुधा दोन कोटेशने असतात. एक ऑफसेटचे, एक डिजिटलचे. दोन्हींच्या तळाशी ‘बांधणीसह’ असा एकच शब्द असतो, आणि ही बांधणी कोणती, हे विचारायचे राहून जाते. माझ्या मते चूक तिथेच होते. छपाई कोणती घ्यायची हे प्रतींच्या संख्येवर ठरते. बांधणी कोणती घ्यायची हे पुस्तक किती वेळा आणि कसे उघडले जाणार यावर ठरते. हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत, मात्र पहिला दुसऱ्याला काही ठिकाणी अडवतो, म्हणून दोन्हींचा विचार एकाच बैठकीत करावा.

ऑफसेटमध्ये मजकूर ॲल्युमिनियमच्या प्लेटवर उतरतो, प्लेटवरून रबरी ब्लँकेटवर आणि तिथून कागदावर. प्लेटचा कोरा भाग पाणी धरून ठेवतो, मजकुराचा भाग तेलकट शाई धरतो. शिळाछापाचा शोध लावणाऱ्या सेनेफेल्डरने 1796 च्या सुमारास दगडावर जे तत्त्व वापरले, तेच आजही चालते. डेमी आकाराच्या, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचांच्या 240 पृष्ठांच्या पुस्तकाचे 16 पृष्ठांचा एक याप्रमाणे 15 फॉर्म, म्हणजे घडी घालायचे छापील ताव, होतात. 18 बाय 23 इंचांच्या कागदाच्या एका बाजूला आठ पृष्ठे बसवली, तर एका रंगासाठी 30 प्लेटा लागतात. प्रत्येक प्लेट यंत्रावर चढवणे, शाई आणि पाण्याचा मेळ बसेपर्यंत काही कागद वाया जाणे, हा खर्च शंभर प्रतींना जेवढा, तेवढाच हजार प्रतींना. डिजिटल छपाईत प्लेट नसते. विद्युतभारित ड्रमवर टोनर चिकटतो आणि उष्णतेने कागदावर वितळून बसतो. त्यामुळे पहिल्या आणि दोनशेव्या प्रतीचा खर्च जवळजवळ सारखाच राहतो.

यातून निर्णय काढण्याची रीत सोपी आहे. ऑफसेटवाल्याकडून एकाच पुस्तकाचे 500 आणि 1000 प्रतींचे असे दोन भाव मागावेत. केवळ हिशेब समजावा म्हणून आकडे घेऊ: 500 प्रतींचे 60,000 रुपये आणि 1000 प्रतींचे 90,000 रुपये सांगितले, तर वाढीव 500 प्रती 30,000 रुपयांत पडल्या, म्हणजे कागद, छपाई आणि बांधणी मिळून प्रतीला 60 रुपये. 500 प्रतींचे असे 30,000 रुपये वजा केले की उरलेले 30,000 हा प्लेटा आणि मांडणीचा स्थिर खर्च. डिजिटलवाला प्रतीला 140 रुपये सांगत असेल, तर फरक 80 रुपयांचा. 30,000 ला 80 ने भागल्यावर 375 येतात. या आकड्यांत 375 पेक्षा कमी प्रती डिजिटलवर आणि जास्त प्रती ऑफसेटवर स्वस्त पडतील. आपल्या कोटेशनवर हाच भागाकार करावा आणि दोन्हीकडे कागद, मुखपृष्ठ आणि बांधणी एकच आहे याची आधी खात्री करावी. ‘पान’ या शब्दाकडेही लक्ष असावे. कोणी पान म्हणजे पृष्ठ धरतो, कोणी दोन पृष्ठांचा कागद, आणि भावातला निम्मा गोंधळ तिथे असतो.

प्रतीमागे पडणारा कमी भाव पाहून हजार प्रती छापणाऱ्याने वजनही काढून पाहावे. 80 जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला 80 ग्रॅम भरणाऱ्या, कागदावरचे 240 पृष्ठांचे डेमी पुस्तक मुखपृष्ठासह साधारण 310 ग्रॅम भरते. हजार प्रती म्हणजे तीनशे किलोंहून अधिक कागद, आणि तो पावसाळ्यात कोरड्या जागी ठेवावा लागतो. ज्या पुस्तकाचे वाचक ओळखीतले दीडशे आहेत, त्याच्या लेखकाने हा भार घरात आणू नये, असे मी आग्रहाने सांगतो. डिजिटलचा दुसरा लाभ मला पैशांपेक्षा मोठा वाटतो: पहिल्या पन्नास प्रतींत सापडलेली चूक पुढच्या पन्नासांत दुरुस्त होते, तर ऑफसेटच्या हजार प्रतींत शुद्धिपत्र चिकटवत बसावे लागते.

अक्षराच्या रेखीवपणात मात्र ऑफसेट सरस आहे. देवनागरीत रफार, अनुस्वार आणि ‘क्ष्म’, ‘र्त्स्य’ यांसारखी जोडाक्षरे लहान टाइपात दाटीने बसतात. प्लेटवर त्यांच्या बारीक पोकळ्या शाबूत राहतात, टोनरमध्ये त्या किंचित भरतात. अकरा-बारा पॉइंटच्या मजकुरात हा फरक सामान्य वाचकाला जाणवणार नाही, पण तळटीपांच्या आठ पॉइंटात जाणवतो. डिजिटल यंत्रही मध्यम दर्जाचे असेल तर जास्तच.

आता बांधणीकडे वळू. पुस्तकाचे आयुष्य ठरते ते इथे.

बाजारात आज सर्वाधिक होते ती परफेक्ट बाइंडिंग. घड्या घातलेले फॉर्म एकावर एक रचून त्यांचा कणा यंत्रावर दोन-तीन मिलिमीटर तासला जातो, खरखरीत केलेल्या कडेवर गरम गोंद लावला जातो आणि मुखपृष्ठ चढवले जाते. तासताना घड्या कापल्या जातात, त्यामुळे प्रत्येक पान सुटे होते आणि केवळ आपल्या कडेच्या जोरावर गोंदात उभे राहते. शिलाई बांधणीत घडी कापलीच जात नाही. 16 पृष्ठांच्या प्रत्येक फॉर्मच्या घडीतून दोरा जातो, तोच दोरा पुढच्या फॉर्मला जोडतो, आणि मग कण्यावर गोंद लागतो. इथे पान निघायचे तर कागद फाटावा लागतो. याचे साधे रूप पाहायचे असेल तर घरातला पासपोर्ट उघडावा. नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाणारी ती 36 पृष्ठांची पुस्तिका मधोमध दोऱ्याने शिवलेली असते, कारण तिचे एकही पान निघून चालणार नाही.

गोंदातही दोन प्रकार आहेत आणि कोटेशनमध्ये त्यांचा उल्लेख क्वचित असतो. सर्रास वापरला जाणारा ईव्हीए हॉट मेल्ट, म्हणजे वितळवून लावायचा गोंद, चटकन थंड होतो आणि पुस्तक लगेच कापता येते. पण तो थंडीत ताठर आणि उष्णतेत मऊ होतो. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत ठेवलेली पुस्तके या गोंदाला मानवत नाहीत. पीयूआर हा दुसरा गोंद हवेतल्या आर्द्रतेशी संयोग पावून पक्का होतो, त्याला पूर्ण जोर धरायला सुमारे एक दिवस लागतो, थर पातळ असल्याने पुस्तक अधिक सहज उघडते, आणि गुळगुळीत आर्ट पेपरलाही तो चांगला धरतो. परफेक्ट बाइंडिंगच घ्यायची असेल तर ‘पीयूआर आहे का?’ हा प्रश्न जरूर विचारावा.

आमच्या नात्यातल्या एका कुलवृत्तांताच्या वेळी आम्ही तो विचारला नाही. 432 पृष्ठांचा मजकूर मॅपलिथो या साध्या छपाईच्या कागदावर आणि मधली छायाचित्रांची पाने आर्ट पेपरवर, सगळे गोंदात. वर्षभरात छायाचित्रांची पाने हातात येऊ लागली, आणि वंशावळीचे तक्ते कण्याजवळच्या खळगीत इतके आत गेले होते की नावे वाचण्यासाठी पुस्तक दाबून उघडावे लागे. तसे दाबले की आणखी एक पान सुटे. गोंदाच्या बांधणीत आतला समास किमान 20 मिलिमीटर हवा, हे तेव्हा कोणी सांगितले नाही. शिवलेल्या पुस्तकाला त्याहून कमी समास चालतो.

जाड पुठ्ठा म्हणजे भक्कम बांधणी, या समजापासूनही सावध राहावे. आत गोंदाने चिकटवलेली सुटी पाने आणि बाहेर पुठ्ठ्याचे कव्हर, अशी पुस्तके पुष्कळ असतात. ओळखण्याची खूण सोपी आहे: पुस्तक आडवे धरून कण्याच्या वरच्या टोकाकडे पाहावे. घडी केलेल्या फॉर्मांचे गोलसर जुडगे वेगळे दिसले आणि दर 16 पृष्ठांच्या मध्ये दोरा आढळला, तर शिलाई आहे. माझा कौल स्पष्ट आहे: पुठ्ठा बांधणीपेक्षा आधी शिलाईवर पैसे घालावेत, आणि मुखपृष्ठावरच्या चमकदार यूव्ही लेपावर सर्वांत शेवटी.

सार्वजनिक वाचनालय, नाशिक ही संस्था 1840 पासून पुस्तके सांभाळत आली आहे. आपले पुस्तक अशा ग्रंथालयात टिकावे असे वाटत असेल, तर ते कधी ना कधी पुन्हा बांधावे लागेल हे धरून चालावे. शिवलेले पुस्तक पुन्हा शिवता येते. कणा तासलेले आणि समास तुटपुंजे असलेले पुस्तक पुन्हा बांधताना अक्षरेच शिवणीत जातात.

तरीही सर्वांना शिलाई सुचवणे योग्य नाही. दोनशे-अडीचशे पृष्ठांची, एकदा सलग वाचली जाणारी कादंबरी चांगल्या गोंदावर वर्षानुवर्षे टिकते. 48 किंवा 64 पृष्ठांच्या कवितासंग्रहाला सेंटर पिन (मधल्या घडीत मारलेल्या तारेच्या पिना) पुरते आणि तो सपाट उघडतो, पण त्याला कणा नसल्याने कपाटात नाव दिसत नाही आणि दमट हवेत पिनांना गंज चढतो. तिथे पिनांऐवजी दोरा मागावा, एवढ्या लहान कामात तो फार महाग पडत नाही. कुलवृत्तांत, पाकपुस्तक, कोश, पोथी, गाण्यांच्या स्वरलिपी, म्हणजे जे उघडे ठेवून वापरायचे, ते मात्र शिवलेलेच असावे. आणि इथेच छपाई आड येते: लहान डिजिटल यंत्रांवर बहुधा सुटी पाने निघतात, त्यांना घडी नसते, म्हणून शिलाई हवी असल्यास फॉर्मप्रमाणे मांडणी करून छापून देणारा डिजिटल छापखानाच निवडावा.

कागदाचा धागा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, कण्याला समांतर आहे ना, हेही विचारावे. आडव्या धाग्याचे पुस्तक उघडे राहत नाही आणि पावसाळ्यात त्याची पाने कण्यापाशी लाटांसारखी उठतात.

पुस्तके ग्रंथालयांना देण्याविषयीच्या 1954 च्या कायद्यानुसार प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवायची प्रत बांधलेली किंवा शिवलेली आणि त्या आवृत्तीतल्या उत्तम कागदावरची असावी लागते. ती प्रत हिशेबात धरूनच संख्या सांगावी. अंतिम होकार देण्यापूर्वी छापखान्याकडून त्याच कागदाची, तेवढ्याच पृष्ठांची, त्याच बांधणीची कोरी डमी मागावी. तिच्यावरून कण्याची जाडी मोजून मुखपृष्ठ बनवता येते (0.1 मिलिमीटर जाडीच्या कागदावर 240 पृष्ठांचा कणा 12 मिलिमीटर भरतो). मग ती डमी टेबलावर ठेवून मधोमध उघडावी आणि हात काढून घ्यावा. ती आपोआप मिटली, तर ओट्यावर किंवा हार्मोनियमवर ठेवायच्या पुस्तकासाठी ती बांधणी नाकारावी.