‘बायोलॉजिकल वय’ सांगणारं ब्लड टेस्ट पॅकेज: तीन महिन्यांत दोनदा केलं, त्याचा अनुभव

कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण अशी पॅकेजेस आता बरेच जण विकतायत आणि मला जे सांगायचंय ते त्या सगळ्यांनाच लागू पडेल. पॅकेज असं की घरी येऊन रक्त घेतात, रिपोर्टमध्ये जन्मतारखेचं वय एकीकडे आणि शरीराचं वय एकीकडे देतात, १४ दिवस काय खाल्लं त्याची डायरी भरायची, मग डाएटिशियनचा कॉल, डाएट प्लॅन आणि तीन महिन्यांनी परत टेस्ट. सगळं मिळून साडेसात हजार. मी ४६ ची, नाशिकला राहते, बँकेत नोकरी, घरी सासूबाई, नवरा, दोन मुलं. वर्षभर पाळी मागेपुढे होतेय, जिना चढला की दम लागतो, केस मूठमूठ गळतायत, म्हणून घेतलं.

रक्त घ्यायला मुलगा सकाळी सातला वेळेवर आला, हात हलका होता, त्याबद्दल तक्रार नाही. रिपोर्ट दोन दिवसांत म्हणाले होते, पाचव्या दिवशी आला. त्यात मोठ्या लाल अक्षरात ५१.२. खरं सांगते, त्या रात्री झोप लागली नाही. पाच वर्षं कुठे गेली माझी, हेच डोक्यात.

मग बसून वाचायला घेतलं की हा आकडा येतो कुठून. जाहिरातीत डीएनएची शिडी काढलेली, त्यामुळे मला वाटलं डीएनए तपासलं असेल, पण तसं काहीच नव्हतं. डीएनएवरच्या खुणा मोजून वय काढायची पद्धत वेगळी, संशोधक स्टीव्ह होर्व्हाथ यांनी २०१३ मध्ये डीएनएवरच्या ३५३ जागा धरून ती मांडली होती. माझ्या रिपोर्टमधलं गणित २०१८ चं, मॉर्गन लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं, त्यात जन्मवय आणि साध्या रक्ताच्या नऊ गोष्टी धरतात: अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, साखर, सीआरपी, लिम्फोसाइटचं प्रमाण, लाल पेशींचा सरासरी आकार, आरडीडब्ल्यू, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि पांढऱ्या पेशी. गणित खोटं नाही, संशोधनातलंच आहे, पण या बहुतेक तपासण्या गल्लीतल्या लॅबमध्येही होतात हे विकताना कोणी सांगत नाही.

माझं वय कुठे वाढलं तर दोन ठिकाणी. एक सीआरपी, म्हणजे अंगात सूज किंवा इन्फेक्शन आहे का ते दाखवणारा, तो ६.४, आणि आदल्या आठवड्यात मला सणकून सर्दी-खोकला झालेला! ‘सध्या आजारी आहात का’ हे रक्त घेण्याआधी एकदाही विचारलं नाही, ही माझी सगळ्यात मोठी तक्रार. दुसरा आरडीडब्ल्यू, १६.८. लाल पेशी एकसारख्या आहेत की लहानमोठ्या हे त्यातून कळतं, आणि अंगात लोह कमी असलं की तो वाढतो. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला तर त्यांनी वयाच्या आकड्याकडे बघितलंसुद्धा नाही, हिमोग्लोबिनवर बोट ठेवलं, १०.२. म्हणाल्या अगं तुला म्हातारपण नाही आलेलं, तुला लोह हवंय. सरकारच्याच २०१९-२१ च्या आरोग्य पाहणीत, एनएफएचएस-५ मध्ये, १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन कमी, असं निघालं होतं, म्हणजे आपल्यात निम्म्याहून जास्त जणी अशाच दमलेल्या फिरतायत आणि वयाला दोष देतायत.

आता डायरीबद्दल, कारण पैसे वसूल झाले असतील तर तिथेच. नियम असा होता की जे तोंडात जाईल ते वाटी-चमच्यात आणि वेळेसकट लिहायचं. पहिल्या दिवशी मी ‘चहा ४’ लिहिलं, मग साखर किती, तर प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे आठ चमचे, चहाच्या चमच्याला चार-पाच ग्रॅम धरले तरी पस्तीसच्या आसपास गेली नुसती चहातूनच. डब्ल्यूएचओ म्हणते दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा, आणि गूळही त्यातच मोजायचा, तो काही वेगळा पुण्यवान नाही. आणि रात्रीच्या जेवणाच्या रकान्यात मी काय लिहिलंय बघा: ‘९.४०, चपात्या २, मटकीचा रस्सा’. परत दोन दिवसांनी ‘चपात्या २, रस्सा, लोणचं’. चौदापैकी नऊ रात्री रस्साच. उसळ मी रोज करत होते, वाढतही मीच होते, सगळ्यांचं होऊन मी बसेपर्यंत पातेल्यात मटकी उरतच नव्हती आणि हे मला वीस वर्षांत कधी दिसलं नाही, लिहिल्यावर दिसलं. प्रोटीन मोजलं तर दिवसाला जेमतेम ३२ ग्रॅम, माझ्या ६२ किलो वजनाला पन्नासेक तरी हवं. ते पान बघून मला रडू आलं, ५१.२ बघून आलं नव्हतं.

डाएटिशियनचा कॉल मात्र अगदी निराशा. वीस मिनिटं, त्यात डायरी उघडलेली वाटली नाही, आणि पीडीएफमध्ये किन्वा, ॲव्होकाडो, ब्लूबेरी. माझ्या घरी बाजरी, नाचणी, मटकी, शेपू, शेंगदाणे, ताक हे सगळं आहे, प्रश्न ते माझ्या ताटात येत नाही हा आहे. शेवटी वय कमी करणाऱ्या गोळ्यांची ऑफर, ‘आठ आठवड्यांत ४.६ वर्षं कमी’ म्हणून. तो आकडा खऱ्या अभ्यासातला आहे, २०२३ चा, पण त्यात बायका होत्या सहा, तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि आहारासोबत व्यायाम, झोप, रिलॅक्सेशन, पूरक पावडरी आणि मार्गदर्शन असं सगळंच एकत्र होतं, एकीचं तर वय कमी झालंच नाही. सहा जणींवरून मला गोळ्या विकू नका ना!

त्यापेक्षा मला पटला तो २०२४ चा कॅलिफोर्नियातला अभ्यास, ३४२ बायका, सरासरी वय ३९, लाळेतल्या डीएनएवरून वय काढलेलं. ज्यांचा आहार चांगला त्यांचं वय कमी दिसलं आणि वरून घातलेली साखर जितकी जास्त तितकं वय जास्त, बाकीचा आहार चांगला असला तरीही. दिवसाला १० ग्रॅम साखर कमी म्हणजे साधारण २.४ महिने, असा त्यांचा अंदाज. तोही एकाच वेळी घेतलेल्या नमुन्यांवरून, त्यामुळे साखरेनेच वय वाढलं असं छातीठोकपणे नाही म्हणता येत, पण चहात चमचा कमी करायला मला तेवढं पुरलं.

मी केलं ते एवढंच: चहा दोन, प्रत्येकी एक चमचा साखर, आणि जेवणाबरोबरचा चहा पूर्ण बंद, कारण चहाने जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या, उसळीवर लिंबू, आठवड्यातून चारदा अंडी, सोमवारच्या उपासाला साबुदाण्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी. आणि माझी वाटी सगळ्यात आधी भरून बाजूला ठेवायची. पहिल्या आठवड्यात सासूबाईंना जरा विचित्र वाटलं, मग त्यांनी स्वतःचीही बाजूला काढली.

तीन महिन्यांनी दुसरी टेस्ट, ४७.१. कंपनीचा मेसेज, अभिनंदन, तुम्ही चार वर्षांनी तरुण झालात. मी नाही झाले. सीआरपी ०.८ झाला कारण सर्दी गेली, आरडीडब्ल्यू १४.३ झाला कारण लोह भरलं, हिमोग्लोबिन १२.१. जिना चढताना दम लागत नाही हे मात्र खरं आणि ते मला आकड्यापेक्षा जास्त मोलाचं आहे.

पाचपैकी दोन स्टार, दोन्ही डायरीचे. जाऊबाई हेच पॅकेज घेणार होत्या, त्यांना म्हटलं आधी सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची तपासणी), फेरिटिन (अंगात साठलेलं लोह), बी-१२ आणि तीन महिन्यांची सरासरी साखर करा, सर्दी-ताप नसताना करा, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा आणि एका साध्या वहीत १४ दिवस लिहा. फक्त रात्रीचं जेवण लिहायला विसरू नका, दमून झोपून जातो आपण आणि नेमकं तेच राहतं.