नीलगिरीची गाडी झकास, फोटो मात्र भलतेच

मेट्टुपालयमहून कुन्नूरमार्गे उटीला चढणाऱ्या डोंगरातल्या छोट्या रेल्वेगाडीला पाचपैकी पाच. तिच्या जाहिरातीतल्या फोटोंना दोन, आणि तेही मन मोठं करून.

माझा मिरजेत फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या ढीगभर फोटोंतून अल्बमसाठी मोजके काढणं हा रोजचा धंदा, त्यामुळे पत्रक हातात आलं की मजकुराआधी नजर फोटोवर जाते. उटीच्या सहलीसाठी ज्या सहलवाल्यांना फोन केला, त्यांच्या पत्रकावर पानभर वाफेचं इंजिन, धुराचा लोट, मागे चहाचे मळे. सहलीत प्रवास कुठला, तर कुन्नूर ते उटी. त्या टप्प्यावर नेहमीच्या गाडीला डिझेल इंजिन लागतं! वाफेचं इंजिन असतं ते खाली, मेट्टुपालयम ते कुन्नूर. विचारलं तर म्हणे, "साहेब, टॉय ट्रेन ती टॉय ट्रेन." आम्ही नमस्कार केला आणि तिकिटं स्वतःच काढली.

दुसरी गंमत. इंजिन पुढे, डबे मागे असा फोटो सगळीकडे दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं, इंजिन गाडी वर ओढतंय. मेट्टुपालयमहून कुन्नूरला चढताना इंजिन गाडीच्या मागे असतं आणि डबे पुढे ढकलतं. फोटोत गाडी कुठल्या दिशेला चाललीय हे कळत नाही, म्हणून खाली एक ओळ तरी लिहावी. बसायला जागा निवडताना याचा उपयोग होतो. पुढच्या डब्यात दरी मोकळी दिसते, मागच्या डब्यात इंजिनाची धाप कानाशी.

आता जो फोटो मी पहिल्या पानावर टाकला असता, तो कुठेच दिसत नाही. कल्लार स्टेशनच्या पुढे दोन रुळांच्या मधोमध दातेरी पोलादी पट्ट्या सुरू होतात, शेजारी शेजारी दोन. एकीचा दाता जिथे संपतो तिथे दुसरीचा येतो, म्हणजे इंजिनाखालचं दातेरी चाक कुठल्याही क्षणी सुटं नसतं. चढ १२ला १, म्हणजे बारा फूट पुढे गेलं की एक फूट वर. नुसत्या चाकांच्या पकडीवर एवढ्या चढाला गाडी तगणार नाही. इंजिनात सिलिंडरच्या दोन जोड्या: एक नेहमीची चाकं फिरवते, तिची वापरलेली वाफ दुसरीत जाते आणि ती दातेरी चाक फिरवते. गुडघ्यावर बसून, रुळाच्या उंचीवरून, ग्रीसने काळ्या झालेल्या दात्यांवर सकाळचं तिरपं ऊन पडलेलं असा फोटो हवा. तो बघून माणूस विचारील, हे काय? जाहिरातीला अजून काय पाहिजे?

दुसरा फोटो ब्रेक्समनचा. प्रत्येक डब्याच्या टोकाला छोट्या फळीवर माणूस उभा, हातात झेंडी, समोर ब्रेकचं चाक. एकाने झेंडी दाखवली की पुढचा दाखवतो. १९०८ साली लाइन उटीला पोचली, २००५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. तो वारसा फोटोत दाखवायचा तर या माणसांशिवाय कसा दाखवणार? ड्रोनने वरून घेतलेल्या पुलाच्या फोटोत गाडी आगपेटीएवढी आणि माणूस शून्य.

हिलग्रोव्ह स्टेशनला इंजिन पाणी घेतं, लोक चहा घेतात, माकडं उरलेलं सगळं घेतात. हा फोटो आपोआप चांगला येतो, त्यावर जास्त बोलत नाही.

धुक्यातले हिरवेगार फोटो बघून भर पावसात बुकिंग करणाऱ्यांनी मात्र सांभाळा. त्या दिवसांत दरडी कोसळून लाइन बंद पडते, गाड्या रद्द होतात. हे पत्रकात छापत नाहीत.

वेग? दातेरी भागात ताशी दहा-तेरा किमी. मेट्टुपालयम ते उटी, ४६ किमीला साडेचार तासांच्या वर. घाई असेल तर बसने जा, खुशाल.

मुंबई-पुण्याकडून आलात तर कोईम्बतूरला उतरून आदल्या रात्री मेट्टुपालयमला मुक्काम करा, कारण गाडी सकाळी सातच्या सुमारास सुटते. आणि बुकिंगच्या साइटवर उटी सापडलं नाही तर उदगमंडलम टाका.