हेमटाइट की बिस्मथ व्हॅनाडेट: पाण्याच्या प्रकाशविघटनासाठी कोणता थर निवडावा?

फोटोअ‍ॅनोडवर (प्रकाश शोषून पाण्यातून ऑक्सिजन काढणाऱ्या इलेक्ट्रोडवर) नव्याने काम सुरू करणाऱ्यापुढे बहुधा हेच दोन ऑक्साइड येतात. कागदावर हेमटाइट, म्हणजे लोहाचा ऑक्साइड, सरस आहे: त्याचा बँडगॅप (प्रकाश शोषण्यासाठी लागणारी किमान ऊर्जा) सुमारे २.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट असल्याने प्रति चौरस सेंटीमीटर सुमारे १२.६ मिलिअँपिअर प्रकाशधारा मिळणे तत्त्वतः शक्य आहे, तर २.४ च्या बिस्मथ व्हॅनाडेटची मर्यादा सुमारे ७.५ आहे. शिवाय लोखंड स्वस्त, आणि सोडियम हायड्रॉक्साइडच्या तीव्र द्रावणातही थर टिकतो. याच हिशोबाने मी हेमटाइटपासून सुरुवात केली.

मला अडवले ते भट्टीने. ५०० अंशांवर भाजलेला माझा हेमटाइटचा थर जवळपास निष्क्रियच राहत असे. एफटीओमधील (काचेवरच्या फ्लोरिनयुक्त टिन ऑक्साइडच्या विद्युतवाहक लेपातील) कथील थरात उतरावे यासाठी तापमान ७५० ते ८०० अंशांपर्यंत न्यावे लागे, आणि तेवढ्या उष्णतेत साधी सोडा-लाइम काच मऊ पडते. काचा वाकून बाहेर येत, एफटीओचा रोध वाढलेला असे, आणि वाकलेली काच ओ-रिंगवर घट्ट न बसल्याने सेलमधून द्रावण झिरपे. धारा कमी आली, तर दोष थराचा की काचेचा, हे ठरवण्यास मला मार्गच उरत नसे. उच्च तापमान सोसणारी काच ज्यांना सहज मिळते, त्यांचे मत कदाचित वेगळे असेल.

बिस्मथ व्हॅनाडेट ४५० अंशांवर तयार होतो आणि काच सरळ राहते. प्रकाशधाराही बऱ्याच कमी व्होल्टेजला सुरू होते. त्याची खोड वेगळी आहे: अल्कलीत प्रकाशाखाली व्हॅनाडियम विरघळू लागते, म्हणून बोरेट किंवा फॉस्फेट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) काम करावे लागते आणि पृष्ठभागावर निकेल किंवा लोहाच्या ऑक्सिहायड्रॉक्साइडचा थर द्यावा लागतो. दीर्घकाळ टिकण्याच्या बाबतीत हेमटाइटच पुढे आहे, हे मान्य करायलाच हवे. तरीही ही खोड मला सुसह्य वाटते, कारण तिचा माग काढता येतो. बफरमध्ये थोडे सोडियम सल्फाइट घालून मोजले, की पृष्ठभागाशी आलेले होल (प्रकाशाने थरात तयार झालेला धनप्रभार) सल्फाइट झटपट उचलते, आणि पृष्ठभागाचा अडथळा उरत नाही. सल्फाइटसह धारा चांगली आणि त्याविना कमी असेल, तर पृष्ठभाग सुधारावा, आणि दोन्ही वेळा कमीच असेल, तर थर पुन्हा घालावा.