ऑनलाइन भाडेकरार नोंदणी: सोय चांगली, पण मसुदा वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका

महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागाची लिव्ह अँड लायसन्सची (म्हणजे घर ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याच्या कराराची) ऑनलाइन नोंदणी ही बऱ्यापैकी नीट चालणारी सरकारी सेवा आहे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खेटे घालावे लागत नाहीत.

'अकरा महिन्यांचाच करार आहे, नोटरी पुरे' असं एजंट सर्रास सांगतात. ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसताना अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. टाळाटाळ करणाऱ्या मालकाला एवढं ऐकवलं तरी बऱ्याचदा काम होतं.

खर्च फार नाही. महिना 20,000 भाडं, 60,000 परतीची अनामत, 11 महिने असं धरा. एकूण भाडं 2,20,000, त्यात अनामतीवर वार्षिक 10 टक्क्यांनी व्याज 5,500. या 2,25,500 वर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे साधारण 564 रुपये. शहरी भागात नोंदणी फी 1,000, ग्रामीण भागात 500. दस्त हाताळणी शुल्क आणि एजंटची फी वेगळी. कोणी किती भरायचं ते आधीच ठरवा.

सगळ्यात जास्त अडतं ते अंगठ्याला. आधारशी ठसा जुळला नाही की गाडी तिथंच थांबते. वयस्कर माणसांचे आणि हाताने काम करणाऱ्यांचे ठसे झिजलेले असतात. बोट स्वच्छ पुसून दुसरं बोट लावून पाहा, तरी जमेना तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्या.

मसुद्याचा साचा ठरलेला असला तरी त्यात जादा अटी घालता येतात, आणि भाडेकरूचं हित तिथंच असतं. एजंट तो भाग घाईत उरकतो. अनामत 'नंतर' नाही, 'ताबा देताना त्याच दिवशी' परत, असं लिहून घ्या. लॉक-इन (ठरावीक काळ करार मोडता न येण्याची अट) दोघांनाही लागू आहे ना, नोटीस किती दिवसांची, रंगाचे पैसे कापणार का, मेंटेनन्स कोण भरणार, हे बघा. सामानाची यादी 'फर्निचरसह' अशी मोघम नको: पंखे 3, गीझर 1 (चालू), स्वयंपाकघरातला नळ गळतो, असं लिहा. विजेच्या मीटरच्या आकड्याचा फोटो ताबा घेतानाच काढून ठेवा.

मुदतीची तारीखही नीट तपासा. याच कायद्याच्या कलम 24 प्रमाणे मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर दुप्पट भाडं लागू शकतं, त्यामुळे नूतनीकरणाचं बोलणं महिनाभर आधी सुरू करा.

सोसायटी बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचा आकार) मागेल, पण ते सभासदाचं देणं आहे आणि सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. नोंदणी झाल्यावर इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सारांश) हाती घेऊन नाव, फ्लॅट क्रमांक आणि तारखा ताडून पाहा, आणि त्याची प्रत पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देताना जोडा.