टाकी वाचली, रॉड झिजला: लोखंडी कूलरमध्ये मॅग्नेशियम लावून एक उन्हाळा

नागपुरात ज्याच्या घरी लोखंडी कूलर आहे, त्याला मार्चचा पहिला आठवडा वेगळा सांगायला नको. गच्चीवरून कूलर उतरवायचा, टाकीच्या तळाला बोटाने दाबून पाहायचं, पत्रा पापडासारखा मोडला की कपाळाला हात लावायचा. मग रेड ऑक्साइड, वर डांबर, भोकाला एम-सील. अशा दोन टाक्या मी भंगारात दिल्या. तिसरीच्या कोपऱ्यांत पहिल्याच हंगामात तांबूस डाग उमटले, तेव्हा मला गीझरवाल्याचं बोलणं आठवलं. त्याने गीझर उघडून एक गाभ्यापर्यंत झिजलेली सळई हातात दिली होती आणि म्हणाला होता, "भाऊ, हा खाल्ला गेला म्हणून तुमची टाकी राहिली."

तोच मॅग्नेशियमचा रॉड कूलरमध्ये का नाही? सीताबर्डीत गीझरच्या सुट्या भागांच्या दुकानात मला तो ३५० रुपयांना पडला. वजन केलं, ११८ ग्रॅम. दुकानदाराने विचारलं, "किती लिटरचा गीझर?" मी म्हटलं, "कूलर आहे." त्याने एकदा वर पाहिलं आणि पैसे मोजायला लागला.

आधी जस्ताचा तुकडाही लटकवून पाहिला होता. समुद्राच्या पाण्यात जस्त चांगलं काम करतं, पण गोड्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही, शिवाय जस्तावर थर बसून ते गप्प होतं. मॅग्नेशियमचा जोर जास्त. रसायनशास्त्राच्या तक्त्यात लोखंड उणे ०.४४ व्होल्ट, जस्त उणे ०.७६ आणि मॅग्नेशियम उणे २.३७; आकडा जितका उणे, तितका तो धातू आधी झिजून दुसऱ्याला वाचवतो. प्रत्यक्षात मॅग्नेशियमवर पापुद्रा असल्याने एवढा फरक मिळत नाही. माझ्या मल्टिमीटरवर रॉड आणि टाकी यांच्यात जेमतेम ०.९ व्होल्ट दिसले. तेवढे पुरतात.

जोडणी सोपी वाटली आणि तिथेच फसलो. रॉड प्लॅस्टिकच्या पट्टीला टांगून पाण्यात सोडला, त्याच्या वरच्या आट्याला वायर लावली आणि दुसरं टोक टाकीच्या काठाला नटबोल्टने आवळलं. तीन आठवड्यांनी कोपऱ्यातला डाग होता त्यापेक्षा मोठा! रॉड मात्र नव्यासारखा. मिलिअँपिअरवर मीटर लावला तर शून्य. बोल्टखाली डांबराचा थर तसाच राहिला होता. रॉड नुसता पाण्यात बुडवून लोखंडाला काडीचाही फायदा नसतो. दोन्ही धातू पाण्याबाहेरून धातूनेच जोडलेले हवेत, तरच मॅग्नेशियम विरघळताना सुटलेले इलेक्ट्रॉन लोखंडाकडे जातात आणि लोखंड स्वतः विरघळायचं थांबतं. पत्रा खरवडून चकचकीत केला, पुन्हा आवळलं. मीटर १२ मिलिअँपिअरवर गेला.

त्यानंतर रोज संध्याकाळी आकडा पाहायची सवयच लागली. आई म्हणायची, "त्या कूलरचा बीपी किती आज?" सोमवारी टाकी धुऊन नळाचं पाणी भरलं की आकडा ९ च्या आसपास. दिवस सरले की चढत जायचा, शनिवारपर्यंत २०-२२. कारण साधं: कूलर पाणी उडवतो, क्षार मागे ठेवतो. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, तर दिवसाला दोनदा पाणी घालावं लागायचं आणि ते बोअरचं. ताट्यांवर पांढरी खपली धरायची. क्षार वाढले की गंज जोरात धरतो, पण वीजही चांगली वाहते, म्हणून रॉडही तेवढ्याच जोमाने झिजतो. डासांसाठी आठवड्याला टाकी रिकामी करायची असतेच, तेव्हा रॉडवरही ब्रश फिरवून घ्यायचा.

२८ जूनला पाऊस धरला आणि कूलर बंद केला. रॉड वाळवून वजन केलं, ८६ ग्रॅम. म्हणजे ३२ ग्रॅम गेले. जोडणी नीट झाल्यापासून ८५ दिवस, सरासरी १६ मिलिअँपिअर, पाणी टाकीत चोवीस तास. करंट गुणिले तास, धरा ३३ अँपिअर-तास. एक किलो मॅग्नेशियममधून कागदावर सुमारे २२०० अँपिअर-तास निघतात, म्हणजे माझे १५ ग्रॅमच जायला हवे होते. उरलेले रॉडने पाण्याशी थेट भांडून स्वतःच घालवले. मॅग्नेशियमची ही खोड जुनीच, निम्मी शक्ती अशी वाया जाते. पहिल्या दिवसांत रॉडवरून येणारे बारीक बुडबुडे हायड्रोजनचे, तेही त्याचंच.

टाकी उलटी करून पाहिली. तळाला डांबर निघालेल्या दोन जागा होत्या, तिथे गंजाऐवजी पांढरी कातडी बसलेली. नखाने काढली तर खाली राखाडी, कोरा पत्रा. जड पाण्यातला चुना तिथे जमतो आणि तोही थोडं झाकण घालतो. कोपऱ्यातला डाग एप्रिलमध्ये होता तेवढाच.

आता जे जमलं नाही ते. पाण्याच्या रेघेच्या वर रॉडचा उपयोग शून्य. ताट्यांतून ठिबकणारं पाणी ज्या कडेवरून वाहतं, ती कड यंदाही फुगली, कारण तिथे रॉडपर्यंत सलग पाणी नाही. पायांचंही तेच. तेव्हा डांबराला पर्याय म्हणून कोणी रॉड घेऊ नये, डांबर जिथून निघालं तिथली राखण म्हणून घ्यावा. रॉड भिंतीच्या फार जवळ होता तिथे उलट डांबराला फोड आले. जास्त संरक्षणही अंगाशी येतं. १८२४ साली हम्फ्री डेव्हीने इंग्रजी जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यावर लोखंड-जस्ताचे तुकडे लावले, तांबं झिजायचं थांबलं आणि त्या निरोगी तांब्यावर शिंपले येऊन बसले, कारण त्यांना मारणारं तांबं पाण्यात उतरेनासं झालं. माझ्याकडे निदान शिंपले नाहीत. पांढरा गाळ मात्र आहे, तो पंपाच्या जाळीत दोनदा अडकला आणि एका दुपारी ४४ अंशांत कूलर नुसती गरम हवा फेकत होता.

एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती: टाकीतला पितळी फ्लोट व्हॉल्व्ह. पितळ लोखंडाला टेकलं की लोखंडच झिजतं, रॉडला त्याचाही भार उचलावा लागतो. मे महिन्यात प्लॅस्टिकचा व्हॉल्व्ह टाकला आणि आकडा चार मिलिअँपिअरने उतरला.

आणि हात जोडून सांगतो, रॉडची वायर म्हणजे अर्थिंग नव्हे. कूलरला करंट लागून माणसं जातात. टाकीत हात घालायच्या आधी प्लग काढा, अर्थिंग वेगळं तपासा. मी मीटर लावतानाही प्लग काढूनच लावतो.

ज्याने टाकी बनवली तो वेल्डर पाहून म्हणाला, "काऊन भाऊ, आमचा धंदा बसवता का?" उरलेला ८६ ग्रॅमचा रॉड पुढचा उन्हाळा काढेल असा माझा हिशेब आहे. सध्या तो कोरडा करून कपाटात, मल्टिमीटरच्या डब्यात ठेवलाय. फुगलेली कड पावसाळा संपला की खरवडायची आहे.