ई-सायकलची डीलरशिप घेताय? आधी माझे ६,५६,००० कसे गेले ते वाचा

अमळनेर, चोपडा, शिरपूर, शहादा, गाव कुठलंही असो. "ई-सायकलची डीलरशिप, तालुक्याला एकच" अशी जाहिरात तुमच्या मोबाईलवर आली असेल तर आधी हात आखडा. कंपनीचं नाव वकिलांनी सध्या लिहू नका म्हणून सांगितलंय. पण पद्धत सगळी लिहितो, कारण हीच मंडळी उद्या दुसरा बोर्ड लावून येतील.

हिशोब असा. डिपॉझिट २,५०,०००. पहिल्या २० सायकलींचे आगाऊ, जीएसटी धरून २६,५०० प्रमाणे, ५,३०,०००. बोर्ड आणि दुकानाच्या सजावटीचे ३५,०००. एकूण ८,१५,०००. त्या बदल्यात आल्या ६ सायकली, म्हणजे १,५९,००० चा माल. दुकानाचं भाडं आणि सोनंतारणाचं व्याज यात धरलेलंच नाही.

लोक म्हणतात, हाव सुटली. हाव कसली? २०२४ ची दिवाळी होती. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ आणि खेडा खरेदीवाला त्याच्या कितीतरी खाली मागत होता. शेतीला जोडधंदा बघणं हा गुन्हा आहे का? चौकशीही केली होती. वडिलांनी विचारलं, "कारखाना दखा का रे तू?" दाखवला होता की, व्हिडिओ कॉलवर, माणसं सायकली जोडताना दिसत होती. शेजारच्या जिल्ह्यातल्या दोन डीलरांना फोन केले. दोघंही म्हणाले, माल वेळेवर येतो. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना माल खरंच मिळत होता, फक्त तो आमच्या पैशांतून जात होता.

हे नीट समजून घ्या. कंपनी जोरात वाढत होती, रोज नव्या तालुक्यात फीत कापल्याचे फोटो टाकत होती. पण विकल्या जात होत्या त्या डीलरशिपा, सायकली नव्हेत. नव्याचं डिपॉझिट आलं की जुन्याची गाडी सुटायची. नवे तालुके मिळेनासे झाले तसा माल थांबला आणि "चीनहून कंटेनर अडकलाय" सुरू झालं. डीलर किती झाले हे विचारू नका. डीलरने ज्यांना सायकल विकली त्या गिऱ्हाइकांचे नंबर मागा, आणि ते कंपनीकडून घेऊ नका.

सगळ्यात जास्त जळफळाट होतो तो बँकेतल्या त्या पाच मिनिटांचा. अ‍ॅग्रीमेंटवर नाव प्रायव्हेट लिमिटेडचं, आणि आरटीजीएसच्या फॉर्मवर लिहायचं खातं कुठल्याशा ट्रेडर्सचं. काउंटरवरच्या मॅडमनी विचारलंसुद्धा, "दादा, नाव वेगळं आहे, चालेल ना?" मी तिथूनच त्यांच्या सेल्स मॅनेजरला फोन लावला. "सर, आमचीच फर्म आहे, जीएसटीच्या सोयीसाठी." मॅडमनी शिक्का मारला. सगळं त्या एका ओळीत लिहिलेलं होतं! पण दुकान भाड्याने घेऊन झालेलं, पाहुण्यारावळ्यांना सांगून झालेलं, आणि समोरचा इतका छातीठोक बोलत असताना कोण फॉर्म फाडतं, सांगा. जीएसटीची सोय म्हणे! पुढे आमच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे माल देणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांच्या यादीत, ते बिल कधी दिसलंच नाही. आमच्याकडून घेतलेला कर त्यांनी दाखवलाच नव्हता.

आल्या त्या सायकलींचं ऐका. कागदावर ३६ व्होल्ट, १० अ‍ॅम्पिअर-अवर, एका चार्जमध्ये ६० किलोमीटर. गिऱ्हाईक २० वर परत यायला लागलं. कंपनी म्हणाली, जळगावचं ऊन. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो हे खरं, म्हणून आम्हीही मानलं. शेवटी ई-रिक्षाच्या मेकॅनिकने बॅटरीचा डबा उघडला. अडीच अ‍ॅम्पिअरचे ४० सेल हवे होते. निघाले ३०. उरलेल्या जागेत थर्माकोल कापून बसवलेला, वर टेप. म्हणजे साडेसात अ‍ॅम्पिअरची बॅटरी १० च्या भावात. पहिली सायकल आली की गिऱ्हाइकाला देण्याआधी डबा उघडून सेल मोजा.

"लायसन्स नको, पासिंग नको" हेही अर्धवट. मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ च्या आत आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र असेल तरच ती सूट. आम्हाला दिलेल्या प्रमाणपत्रावर मॉडेल भलतंच होतं. सबसिडीचं आमिषही खोटं. ई-गाड्यांच्या सबसिडीची केंद्राची फेम-२ योजना ३१ मार्च २०२४ ला संपली होती, आणि ती चालू असतानाही ताशी ४० पेक्षा कमी वेगाच्या गाडीला त्यातून छदाम मिळत नव्हता.

आता दाद मागायची तर कुठे? पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, हा दिवाणी वाद आहे, वकील गाठा. अर्ज घेतला, पोच द्यायला मात्र हात जड. आर्थिक गुन्ह्यांवाले म्हणाले, रक्कम लहान आहे, आधी ठाण्यात जा. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर सांगितलं, तुम्ही स्वतः करार करून पैसे भरलेत. ग्राहक आयोगाच्या दारात वकीलच म्हणाले, विक्रीसाठी माल घेतला म्हणजे तुम्ही कायद्याने ग्राहक नाही. करारात बारीक अक्षरात लिहिलेलं, वाद फक्त दिल्लीच्या कोर्टात. मग खान्देशातल्या माणसाने जायचं कुठे? दुसऱ्याच नावाच्या खात्यात पैसे घेतले, बॅटरीत थर्माकोल भरला, कर खाल्ला, हा दिवाणी वाद? आमच्याकडे चुकून वीजबिल थकलं तर माणूस दारात उभा राहतो, आणि इथे साडेसहा लाखांसाठी एक फोन लावायला कोणाला फुरसत नाही!

म्हणून तोंडी काही करू नका. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) लिहूनच अर्ज द्या. ठाण्याने नाकारला तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, तेही गप्प बसले तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. मी तेच केलंय. एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, साईटवर कंपनीची माहिती फुकट दिसते. आमच्या कंपनीचं भरणा झालेलं भांडवल १,००,००० निघालं, माझ्या एकट्याच्या डिपॉझिटपेक्षा कमी.

जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये ज्यांनी प्रायव्हेट लिमिटेडशी करार करून ट्रेडर्सच्या खात्यात पैसे भरलेत, त्यांनी आरटीजीएसची पावती, करार आणि व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज जपून ठेवा, सेल्स मॅनेजरचे गोड मेसेजसुद्धा. एकेकट्याला "रक्कम लहान" म्हणून घरी पाठवतात. दहा जणांचे अर्ज एकाच दिवशी टेबलावर पडले तर तेच वाक्य त्यांना लिहून द्यायला सांगू.