डेंपो-चर्चिलचा पाठपुरावा करायचा आहे: थेट प्रक्षेपण बघावं की गोव्यातलं दैनिक वाचावं?

आयएसएल या देशातल्या अव्वल फुटबॉल साखळीतल्या एफसी गोवाची बातमी तुमच्यापर्यंत आपोआप येते. आय-लीग या दुसऱ्या श्रेणीच्या साखळीतल्या (२०२६ पासून तिचं नाव ‘इंडियन फुटबॉल लीग’) गोमंतकीय क्लबांची शोधावी लागते. पुण्यात किंवा मुंबईत राहून डेंपो, चर्चिल ब्रदर्सवर लक्ष ठेवायचं तर दोनच मार्ग खरे उपयोगाचे आहेत: सामन्याचं ऑनलाइन थेट प्रक्षेपण आणि गोव्यातल्या दैनिकाचं क्रीडापान. क्लबच्या समाजमाध्यमांवरून सामन्याआधी संघ कळतो, गोल झाल्याचंही कळतं. पण दुखापत, दंड, निलंबन या गोष्टींवर क्लब सहसा गप्प असतो.

प्रक्षेपणाची बाजू आधी मांडतो, कारण ती कमकुवत नाही. कोणता बचावपटू पुढे चढतो, मधल्या फळीत चेंडू कुठे हरवतो, शेवटच्या वीस मिनिटांत कोणाचे पाय जड होतात, हे दोनशे शब्दांच्या वृत्तांतातून कधीच समजणार नाही. मात्र दुसऱ्या श्रेणीत कॅमेरे थोडे असतात. मुख्य कॅमेरा मध्यरेषेवर, म्हणून पलीकडच्या कोपऱ्यातला खेळाडू पाठीवरच्या क्रमांकावरूनही ओळखू येत नाही. ऑफसाइडचा निर्णय बरोबर होता की नाही, हे त्या कोनातून ठरवायला जाऊ नये. सामने बरेचदा दुपारी असतात, नोकरदाराला आठवड्यातला सामना चुकतोच. पूर्ण सामन्याची चित्रफीत नंतर मिळेल यावरही फार विसंबू नका.

हे सगळं चालवून घेता येतं. माझा कौल फिरला तो एका त्रासामुळे: सामना संपला की प्रक्षेपणही संपतं आणि निकालाचं पुढे काय झालं ते तिथे कळतच नाही. आय-लीगमध्ये निकाल मैदानाबाहेरही बदलतो. २०२४-२५ चा हंगाम आठवा. १२ संघ, प्रत्येकी २२ सामने. जानेवारीत नामधारीने इंटर काशीला २-० हरवलं. बघणाऱ्याच्या लेखी विषय तिथे संपला. पण नामधारीच्या एका खेळाडूची चार पिवळी कार्डं झाली होती, म्हणून तो निलंबित असायला हवा होता, अशी काशीची हरकत होती. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीने गुण काशीला दिले, अपील समितीने तो निर्णय रोखला. ६ एप्रिलला साखळी संपली तेव्हा चर्चिल ४० गुणांवर, काशी ३९ वर. अपील समितीचा निर्णय काशीच्या विरोधात गेला आणि चर्चिलला चषकही दिला गेला. मग स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने काशीच्या बाजूने निर्णय दिले आणि १८ जुलैला काशी विजेता ठरला. विजेत्यालाच आयएसएलमध्ये बढती होती, त्यामुळे चर्चिलचा तो दरवाजा बंद झाला तो शेवटच्या सामन्यानंतर तीन महिन्यांहून अधिक काळाने.

हा घटनाक्रम तारीखवार समजून घ्यायचा तर छापील बातमीला पर्याय नाही, असं मला वाटतं. गोव्यात फुटबॉल हा घरचा विषय. चर्चिलची अपील सुनावणी ही तिथे स्थानिक बातमी असते, राष्ट्रीय दैनिकात मात्र तिला जेमतेम चार ओळी मिळतात.

दैनिक निवडताना एक लक्षात असू द्या. ‘नवप्रभा’ आणि डेंपो क्लब एकाच उद्योगसमूहाशी निगडित आहेत. त्यामुळे डेंपोबद्दल वाचताना जोडीला ‘गोमन्तक’ किंवा ‘तरुण भारत’ची गोवा आवृत्तीही चाळावी. वृत्तांत दुसऱ्या दिवशी सकाळीच बघा. दुपारचा सामना लवकर संपतो, त्यामुळे तो सहसा पूर्ण छापून येतो, रात्रीच्या सामन्याची अनेकदा फक्त गोलसंख्येएवढी नोंद मिळते. त्याच दिवशी एफसी गोवाचा सामना असेल तर आय-लीग एका अरुंद रकान्यात ढकलली जाते. अशा वेळी पान उलटण्याआधी खालचे कोपरे बघावेत. बाहेरगावच्या सामन्याचा मजकूर बहुधा क्लबच्या प्रसिद्धिपत्रकावर बेतलेला असतो, तो त्याच बेताने वाचावा. ई-पेपरमध्ये शब्द टाकून जुनी बातमी शोधणं मराठीत अजून भरवशाचं नाही, म्हणून कात्रण त्याच दिवशी साठवा, फाइलच्या नावात तारीख आणि दोन्ही संघ लिहा.

आणि एक छोटी वही ठेवा: खेळाडू, सामना, कार्ड. वृत्तांतात कार्डांची नोंद दर वेळी येत नाही, ती भर प्रक्षेपण बघून घालावी लागते. चौथं पिवळं कार्ड दिसलं की पुढच्या सामन्याच्या संघात ते नाव आहे का, हे आधी तपासा.

ज्याला फक्त खेळ बघायचा आहे त्याने खुशाल प्रक्षेपण घ्यावं. क्लब समजून घ्यायचा असेल तर आधी दैनिक लावा, आणि सुट्टीच्या दिवशी जमेल तेवढे सामने बघा.